आकड्यांची साक्ष आणि पैजेचा भाव

जुगाराला आपल्या समाजात एके काळी निदान लाजेचे कुंपण होते. मटक्याचा आकडा लावणारा मनुष्य गल्लीच्या तोंडाशी मागे वळून पाहत असे, आणि घरी त्या पैशाचा हिशेब देताना त्याची जीभ अडखळत असे. आजच्या सुशिक्षित तरुणाने हे कुंपण ओलांडले आहे. आणि ते ओलांडताना त्याने जो युक्तिवाद पुढे केला आहे, तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो म्हणतो, ‘आम्ही जुगार खेळत नाही, आम्ही अभ्यास करतो. इंग्लंडमधील फुटबॉलच्या वीस-पंचवीस वर्षांच्या सामन्यांचे निकाल आमच्यापाशी आहेत. कोणता संघ आपल्या मैदानावर किती गोल करतो, परक्या मैदानावर किती खातो, हे आम्ही मांडून पाहतो, आणि पैजेचा भाव चुकलेला दिसला तरच पैसे लावतो. यात दैवाचा प्रश्न येतोच कोठे?’

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याने एका अर्थी निकालात काढला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळण्याचे खेळ निषिद्ध ठरविले, आणि ते कौशल्याचे आहेत की दैवाचे, हा भेदही त्यासाठी मानला नाही. परंतु कायद्याने दार लावले म्हणजे मनातील समजूत पुसली जाते असे नव्हे. परदेशी पेढ्यांकडे जाणाऱ्या आडवाटा तरुणांना ठाऊक असतात, आणि ‘आमची विद्या पेढीवाल्याला हरवील’ हा विश्वास घेऊनच ते त्या वाटेने जातात. म्हणून हा विश्वास त्याच्याच शस्त्राने, म्हणजे आकड्यांनी, तपासला पाहिजे असे आम्हांस वाटते. नीतीचा उपदेश ज्याला ऐकू येत नाही, त्याला कदाचित बेरीज ऐकू येईल.

प्रथम, भाव म्हणजे काय हे स्पष्ट करून घेऊ. इंग्लंडमध्ये १९६० च्या कायद्याने पैजेच्या पेढ्यांना मुभा मिळाली आणि मे १९६१ पासून रस्त्यारस्त्यांवर त्यांची दुकाने उघडली. समजा, अशी एखादी पेढी एका सामन्यासाठी यजमान संघाच्या विजयाला २.१०, बरोबरीला ३.४० आणि पाहुण्या संघाच्या विजयाला ३.६० असा भाव देत आहे. याचा अर्थ, यजमानावर एक रुपया लावला आणि तो संघ जिंकला तर मुद्दल धरून दोन रुपये दहा पैसे हाती पडतील. एकाला या भावाने भागले की त्या भावात दडलेली संभाव्यता निघते: यजमानाची शेकडा ४७.६, बरोबरीची २९.४, पाहुण्याची २७.८. आता या तिन्हींची बेरीज करा. ती १०४.८ येते. सामन्याचे निकाल तीनच, त्यांतला एक लागणारच. मग शंभरांत ही एकशे पावणेपाच माणसे मावली कशी? वरचे पावणेपाच हा पेढीचा नफा होय. तो भावातच विणलेला असतो, म्हणून त्याची पावती कोणी मागत नाही. लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरीने सुमारे पंच्याण्णव पैसेच परत येतील, अशी ही व्यवस्था आहे. आणि पाच सामन्यांचे निकाल एकत्र गुंफून मोठ्या रकमेचे आमिष दाखविणारी जी पैज असते, तिच्यात हा वाटा पाच वेळा कापला जाऊन रुपयाचे एकोणऐंशी पैसे उरतात. जितके आमिष मोठे, तितकी कात्री लांब.

तेव्हा आकड्यांच्या अभ्यासकापुढचा प्रश्न ‘कोण जिंकणार?’ हा नाहीच. ‘माझा अंदाज पेढीच्या अंदाजापेक्षा इतका चांगला आहे काय, की हा कापलेला वाटा भरून काढून वर काही उरेल?’ हा खरा प्रश्न आहे. बलाढ्य संघ दुबळ्या संघाला हरवील हे सांगण्यास विद्या लागत नाही. त्या भाकिताची किंमत बाजारात आधीच ठरलेली असते.

आता, मागील आकडे काहीच सांगत नाहीत, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मटक्याचे जुने तक्ते घेऊन उद्याचा आकडा शोधणारा मनुष्य वेळ फुकट घालवीत असतो. चिठ्ठीला काल काय निघाले याची आठवण नसते. फुटबॉलचे तसे नाही. संघ तोच राहतो, खेळाडू बऱ्याच अंशी तेच राहतात, मैदान तेच असते. १९९२ साली सुरू झालेल्या प्रीमियर लीगमध्ये दीर्घकाळाचा हिशेब पाहिला तर शंभरांतील साधारण पंचेचाळीस-सेहेचाळीस सामने यजमान जिंकतो, पंचवीस-सव्वीस बरोबरीत सुटतात आणि उरलेले पाहुणा जिंकतो. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचे एकोणिसाव्या शतकातील सूत्र गोलांच्या संख्येला बऱ्यापैकी लागू पडते, हे मोरोनी या लेखकाने संख्याशास्त्रावरील आपल्या लोकप्रिय पुस्तकात १९५१ सालीच दाखविले होते. यजमानाचे सरासरी दीड गोल आणि पाहुण्याचे एक पूर्णांक दोन दशांश धरून हे सूत्र चालविले, तर यजमानाचा विजय शेकडा ४४, बरोबरी २५ ते २६ आणि पाहुण्याचा विजय ३० असे उत्तर येते. कागद, पेन्सिल आणि अर्धा तास एवढ्या भांडवलावर मिळालेले हे उत्तर वस्तुस्थितीच्या किती जवळ जाते, हे पाहून कोणाही विद्यार्थ्याला आनंद व्हावा. १९८२ साली माहर यांनी प्रत्येक संघाचे आक्रमण आणि बचाव यांना वेगवेगळे माप दिले. १९९७ साली डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात सुधारणा करून जुन्या सामन्यांना कमी आणि ताज्या सामन्यांना अधिक वजन दिले, आणि निवडक सामन्यांवर पेढीच्या भावापेक्षा सरस ठरण्याची शक्यता दाखविली. ही खरी विद्या आहे, आणि तिच्याविषयी आम्हांला आदर आहे.

परंतु विद्येचा पहिला धडा म्हणजे तिची मर्यादा. ही मर्यादा तीन ठिकाणी उघडी पडते.

पहिले ठिकाण, इतिहासाचा कोणता तुकडा घ्यावयाचा हे. २०१५ च्या उन्हाळ्यात लेस्टर सिटी हा क्लब लीग जिंकेल या पैजेला इंग्लंडमधील पेढ्या एकास पाच हजार असा भाव देत होत्या. १९९२ पासूनचा इतिहास पाहिला तर तोवर मँचेस्टर युनायटेड, ब्लॅकबर्न, आर्सेनल, चेल्सी आणि मँचेस्टर सिटी या पाचच क्लबांनी हे विजेतेपद मिळविले होते, आणि लेस्टर आदल्या मोसमात तळाशी जाऊन कसाबसा वाचला होता. या तुकड्यावरून पाहता भाव योग्यच वाटतो. पण थोडे मागे जा. १९६२ साली इप्सविचने वरच्या श्रेणीत आल्याबरोबर पहिल्याच मोसमात विजेतेपद घेतले होते. १९७८ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टने नुकतीच बढती मिळवून तोच पराक्रम केला होता. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत असे चमत्कार एकाहून अधिक वेळा घडले होते. पाच हजार मोसमांत एकदा असा दावा करणाऱ्या त्या भावापाठीमागे इतिहास किती होता? इंग्लंडची लीग १८८८ साली सुरू झाली. २०१५ पर्यंत तिचे सव्वाशे मोसमही पुरे झाले नव्हते. आमच्या मते तो भाव हिशेबाचे फळ नव्हता. अशक्यतेला दिलेले ते एक नाव होते. मे २०१६ मध्ये लेस्टरने दहा गुणांच्या आघाडीने विजेतेपद पटकाविले. त्या वेळी पेढीचा भाव चुकला, हे खरे. पण तीस वर्षांचा तुकडा घ्यावा की सव्वाशे वर्षांचा, हे आकडे सांगत नाहीत. ते माणसाने ठरवावयाचे असते, आणि नेमक्या तेथेच आवड-निवड चोरपावलांनी आत येते.

दुसरे ठिकाण, कारण पालटले की आकडा निराधार होतो हे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि इंग्लंडच्या लीगमधील गोलांची संख्या एका मोसमात ४,७०० वरून ६,३७३ वर गेली. सामने तेवढेच होते. आदल्या वर्षापर्यंतच्या सरासऱ्या घेऊन बसलेल्या पंडिताची वही त्या वर्षी रद्दीत गेली. याहून बोलके उदाहरण अगदी अलीकडचे आहे. करोनाच्या साथीमुळे २०२०-२१ चा मोसम बहुतांशी रिकाम्या प्रेक्षागारांत खेळला गेला. त्या मोसमात प्रीमियर लीगच्या ३८० सामन्यांपैकी यजमानांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. यजमानाचे वर्चस्व हा ज्या शास्त्राचा पहिला सिद्धान्त, तोच सिद्धान्त त्या वर्षी उलटा झाला. मैदान तेच होते, गवत तेच होते. फक्त आरोळ्या ठोकणारी माणसे नव्हती. आकड्याने ‘यजमान जिंकतो’ एवढेच सांगितले होते. ‘का जिंकतो’ हे त्याने सांगितले नव्हते, आणि पुष्कळांनी त्याला ते विचारलेही नव्हते.

तिसरे ठिकाण, आकड्याचा छेद विसरण्याचे. चार्ल्स रीप या ब्रिटिश वायुदलातील हिशेब-अधिकाऱ्याने १९५० पासून सामन्यांतील प्रत्येक पास कागदावर टिपण्याचा उद्योग आरंभिला आणि तो अनेक वर्षे निष्ठेने चालविला. १९६८ साली बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञासह त्याने आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. शंभरांतील सुमारे ऐंशी गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, असे त्याला आढळले, आणि यावरून चेंडू लांबवर मारीत सुटावे असा मंत्र निघाला. पण एकंदर चालींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चाली मुळातच तीन पासांत संपत होत्या! नव्वदांतून ऐंशी गोल आणि उरलेल्या दहांतून वीस. मग अधिक फलदायी कोण? २००५ साली ह्यूज आणि फ्रँक्स यांनी हा छेद जागेवर ठेवून पाहिला, तेव्हा लांबलेल्या चालीच यशस्वी संघांना अधिक फळ देतात असे दिसून आले. रीपचे आकडे खोटे नव्हते. त्याने काढलेला अर्थ खोटा होता. तीस-तीस वर्षे चिकाटीने नोंदी ठेवणाऱ्याची ही गत, तर शनिवारी संध्याकाळी दोन तक्ते चाळून रात्री पैसे लावणाऱ्याची काय कथा?

तरीही कोणी म्हणेल की या तिन्ही खाचखळग्यांतून वाट काढणारा एखादा हुशार मनुष्य असेलच. असतो. टोनी ब्लूम आणि मॅथ्यू बेनम हे दोन इंग्रज फुटबॉलच्या आकड्यांवर आधारलेल्या पैजांतून धनवान झाले. पहिले २००९ साली ब्राइटन क्लबाचे अध्यक्ष झाले, दुसऱ्यांनी २०१२ साली ब्रेंटफर्ड क्लब ताब्यात घेतला. पण ही माणसे घरच्या टेबलाशी एकटी बसून जिंकलेली नाहीत. त्यांच्यापाशी गणित्यांचे आणि निरीक्षकांचे पथक होते, मोठे भांडवल होते, आणि हा त्यांचा पूर्ण वेळचा धंदा होता.

महाभारतातील नलाख्यान आमच्या वाचकांस परिचित आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो; नल रथ थांबवून फळे मोजतो आणि ती बरोबर भरतात. ही गणनेची आणि फाशांची विद्या ऋतुपर्णाकडून शिकून नल पुढे आपले राज्य परत जिंकतो. आजचा प्रत्येक अभ्यासू पैजबहाद्दर स्वतःला हा नल समजतो. तो एवढेच विसरतो की नल जिंकला, कारण समोर बसलेल्या पुष्कराला ती विद्या ठाऊक नव्हती. आज ऋतुपर्ण स्वतःच पेढीवर बसला आहे. माहर, डिक्सन आणि कोल्स यांचे निबंध छापलेले आहेत, ते पेढीवाल्यांनीही वाचलेले आहेत. तुम्ही ज्या वीस वर्षांच्या निकालांवरून भाव तपासू पाहता, त्याच निकालांतून तो भाव घडलेला असतो. शिवाय आज सकाळी कोणता खेळाडू लंगडतो आहे, ही बातमीही त्यात मिसळलेली असते.

आणि समजा, या ऋतुपर्णालाही कोणी मात दिलीच, तर काय होते? २०१७ साली कौनित्झ, झोंग आणि क्राइनर या तिघा संशोधकांनी याचे उत्तर प्रसिद्ध केले. दहा वर्षांतील पावणेपाच लाखांहून अधिक सामन्यांच्या भावांवरून त्यांनी पद्धत बसविली. तिचे मर्म असे की, सर्व पेढ्यांच्या भावांची सरासरी हाच उत्तम अंदाज मानावा, आणि एखादी पेढी त्या सरासरीपासून फार दूर गेली तरच तेथे पैसे लावावेत. त्यांनी स्वतःचे पैसे लावून पाहिले आणि नफा केला. मग थोड्याच महिन्यांत पेढ्यांनी त्यांच्या पैजांवर मर्यादा घालण्यास आरंभ केला. म्हणजे हरणाऱ्याचे स्वागत आणि जिंकणाऱ्याला दार! ज्या बाजारात शहाण्या गिऱ्हाइकाला माल नाकारता येतो, त्या बाजाराला स्पर्धेचा बाजार म्हणावे काय, याचा विचार तेथे जाणाऱ्याने करावा.

‘पण मी तर गेले तीन महिने नफ्यात आहे’, हे उत्तर आम्ही अपेक्षिले आहे. त्यालाही गणितच उत्तर देते. रुपयाला पंच्याण्णव पैसे परत देणारी, जिंकल्यास दामदुप्पट अशी पैज शंभर जणांनी प्रत्येकी शंभर वेळा खेळली, तर केवळ योगायोगाने त्यांतील सुमारे सत्तावीस जण नफ्यात दिसतील. त्यांतला प्रत्येक जण आपली पद्धत सिद्ध झाली असे मानील, आणि मित्रांना ती शिकवील. त्याच शंभर जणांनी हजार हजार वेळा खेळावे. नफ्यातले पाच उरतील. बाकीचे बावीस तोवर आपला अनुभव सांगत नसतात, एवढाच फरक. पराभूतांच्या या मौनावरच जुगाराची कीर्ती उभी असते.

१९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्यातील बक्षिसांच्या कोड्यांच्या खटल्यात जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय दिला होता. कौशल्याच्या स्पर्धा मात्र त्याच न्यायालयाने त्याच वर्षी वेगळ्या मानल्या. तेव्हापासून ‘यात कौशल्य आहे’ हे वाक्य प्रत्येक नव्या पैजेची ढाल बनले आहे. आमचे म्हणणे असे की, कौशल्य असणे आणि ते कौशल्य आपल्याजवळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेतही कौशल्य असते. म्हणून कोणी घरी बसून पोट फाडीत नाही.

यावर उपाय काय? बंदी एवढाच उपाय पुरेसा आहे, असे आम्ही मानीत नाही. बंदी वाट अडविते, पण भ्रम दूर करीत नाही. आमच्या महाविद्यालयांतून संख्याशास्त्र शिकविताना अद्यापि पिशवीतील लाल-काळे चेंडू काढण्याचीच उदाहरणे दिली जातात. त्यांऐवजी पेढीचा भाव फळ्यावर लिहावा, तिन्ही उलट्या आकड्यांची बेरीज मुलांकडून करून घ्यावी, आणि शंभरावरचे पावणेपाच कोणाच्या खिशात जातात हे त्यांनाच शोधू द्यावे. तो एक तास अनेक व्याख्यानांहून अधिक काम करील. आणि ज्या तरुणाला आपल्या पद्धतीची खात्री आहे, त्याने एक कोरी वही घ्यावी. सामन्यापूर्वी आपला अंदाज आणि पेढीचा भाव शेजारी शेजारी लिहावा. एक पैसाही न लावता हजार सामने हा उद्योग करावा, आणि मग प्रामाणिकपणे बेरीज करावी. खरा अभ्यासक या परीक्षेला कंटाळणार नाही. जो कंटाळेल, त्याला अभ्यास हवा नव्हता, पैज हवी होती, हे त्याचे त्यालाच कळेल.

पगाराच्या दिवशी ज्या घरात आई-वडील मुलाच्या कमाईकडे आशेने पाहतात, त्या घरांचा हा प्रश्न आहे. मटक्याने गिरणगावातील घरे पोखरली तेव्हा आपण अज्ञानाला दोष दिला. आता पदवीधरांची घरे पोखरली गेली तर दोष कोणाला देणार? मागील आकडे भावाची परीक्षा करू शकतात, हे आम्ही मान्य करतो. ती परीक्षा शेवटपर्यंत करण्याचे धैर्य मात्र पाहिजे. जो ती पुरी करील, त्याला उत्तर बहुधा एकच मिळेल: पैसे खिशात ठेवावेत, आणि सामना डोळे भरून पाहावा.